मला काय येतं, ते कुणी विचारलं नाही

मला फॉर्मचा राग आहे. बँकेच्या किंवा रेशन कार्डाच्या नाही, ते भरून मोकळं होता येतं. ज्या फॉर्मात माणसाचं दुःख भरायचं असतं, त्याचा.

नोकरीची बरीचशी वर्षं मी तेच काम केलं. यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्ह्यांत गावोगाव फिरायचं, ज्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरातल्या बाईपुढे बसायचं आणि ओळीनं विचारत जायचं. कर्ज किती? बँकेचं की सावकाराचं? सातबारा कुणाच्या नावावर? प्रकरण पात्र ठरलं की अपात्र? लाख रुपये मिळाले का? बाया सांगायच्या. आमच्याआधी पत्रकार येऊन गेलेला असायचा, त्याच्याआधी तलाठी, त्याच्याआधी पुढारी. उत्तरं इतकी पाठ झालेली असायची की मी पान उलटायच्या आत पुढचं उत्तर येऊन पडायचं.

पांढरकवड्याकडच्या एका गावात असाच एका बाईंचा फॉर्म भरून झाला. मी पेनाला टोपण लावलं. त्या म्हणाल्या, "झालं? भुलाबाईचे गाणे नाही लिहून घेत का तुम्ही?" मग कळलं, या बाई भुलाबाईच्या गाण्यांसाठी आसपासच्या गावांत ठाऊक होत्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्यांच्या अंगणात पोरींची झुंबड असायची. डब्यातला खाऊ ओळखायला लावताना त्या अशी काही कोडी घालायच्या की पोरी रात्री घरी जायला मागायच्या नाहीत. नवरा गेला त्या वर्षापासून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. फॉर्मात याला रकाना नव्हता. मी ती गाणी माझ्या वहीत उतरवली, आणि मग पुढच्या गावांतही फॉर्म मिटल्यावर वही उघडायची सवय लागली. कार्यालयात ती दाखवली तेव्हा साहेब म्हणाले, "छान आहे मॅडम, पण हे डेटामध्ये बसवायचं कुठे?"

निवृत्तीनंतर वही कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. ती खाली यायला सीरियाची एक पोरगी कारण झाली.

नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घराची वरची खोली आम्ही विद्यार्थिनींना भाड्यानं देतो. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एम.एस्सी.ला आलेली ही पोरगी तिथे राहायला आली. गाव हमा. तिचं नाव मी लिहीत नाही; का, ते पुढे येईल. हमा म्हणजे ओरोंतेस नदीकाठचं शहर. तिकडे नदीला आसी म्हणतात. पाणी उपसायची लाकडी चाकं ही त्या शहराची खूण. त्यातलं सगळ्यात मोठं सुमारे 20 मीटर व्यासाचं, चौदाव्या शतकातलं. ही चाकं फिरताना इतकी कण्हतात म्हणे, की हमाच्या माणसाला परगावी शांततेत झोप येत नाही. आमच्या कूलरच्या घरघरीत मात्र तिला पहिल्या रात्रीपासून गाढ झोप लागली.

आमच्या घरी तेव्हा माझ्या नवऱ्याच्या आत्या राहायच्या. आर्वीकडच्या, ऐंशी ओलांडलेल्या, कान शाबूत आणि तोंड त्याहून शाबूत. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणतो. पोरगी मला काकू आणि त्यांना आजी म्हणायला लागली. तिला इंग्रजी चांगलं यायचं, आणि कॉलेजात उचललेलं मोडकंतोडकं हिंदी. आत्याबाईंना वऱ्हाडी सोडून काही यायचं नाही. दोघींचं जमलं.

तिची आजी, तेता, युद्धात हमा सोडून तुर्कस्तानातल्या मेर्सिनला गेली होती. मार्च 2011 मध्ये सुरू झालेल्या त्या युद्धानं सीरियातल्या निम्म्याहून जास्त लोकांना घर सोडायला लावलं. तेतांचं घर असं विखुरलं की एक मुलगा जर्मनीत, एक जॉर्डनमध्ये, नात नागपुरात. सगळं घर मिळून उरलं होतं ते फोनमध्ये. तेता व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायच्या, कधी एक मिनिटाचे, कधी वीस मिनिटांचे.

त्यातला एक निरोप ऐकताना पोरगी हसत होती आणि मध्येच थांबत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, तेता चिडल्यात. निर्वासितांची माहिती गोळा करणारं कुणीतरी टॅब घेऊन त्यांच्या घरी आलं होतं. कधी निघालात, कुठल्या रस्त्यानं, घरातलं कोण गेलं, औषधं मिळतात का. तेतांनी कॉफी केली, सगळं सांगितलं. आणि ते लोक गेल्यावर नातीला म्हणाल्या, "इतका वेळ बसले. माझं काय काय गेलं ते सगळं लिहून घेतलं. मला काय काय येतं, ते एकानंही विचारलं नाही."

मी त्याच दिवशी वही खाली काढली.

तेतांना काय काय येतं, ते आम्हाला मे महिन्यात कळलं. नागपूरची गच्ची मे महिन्यात सकाळी नऊनंतर माणसांची राहत नाही, म्हणून वाळवणं उजाडतानाच करायची. आत्याबाईंनी सरगुंड्यांचा घाट घातला होता. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: घट्ट मळलेल्या कणकेची दोऱ्यासारखी बारीक लड ओढत न्यायची आणि एका सडसडीत काडीवर वेढे देत गुंडाळायची. काडी भरली की अलगद ओढून घ्यायची. मागे स्प्रिंगसारखं पोकळ वेटोळं राहतं, ते खडखडीत वाळवायचं. आंब्याच्या रसाबरोबर खातात. लड तुटली की आत्याबाई बोलत नाहीत, नुसत्या बघतात, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. मला या वयातही ते नीट जमत नाही. ही पोरगी मात्र पहिल्याच सकाळी अर्धं ताट भरून मोकळी झाली. तिकडे लहानपणापासून द्राक्षाच्या पानांत भात आणि खिमा घालून करंगळीएवढ्या गुंडाळ्या करायची सवय. आत्याबाई म्हणाल्या, "हिचे हात चालतेत."

हात चालायला लागले की तिकडे गोष्ट सुरू होते, असं ती म्हणाली. तेतांना मोकळ्या हातांनी गोष्ट सांगता येतच नाही. फोन समोर धरून "सांगा" म्हटलं की त्या हवापाण्याचं बोलतात. म्हणून त्या फोन फळीवर ठेवतात आणि खाली बसून कुसा कोरतात. कुसा म्हणजे भोपळ्याच्या जातीची लहान भाजी. लांब सळीनं आतला गर काढून तिच्यात सारण भरायचं. पोरीनं फोन स्टीलच्या वाटीत उभा केला, आवाज घुमायला लागला. आधी सळीची खरखर, मग प्रेशर कुकर, मग कुणीतरी दार वाजवलं, तेता त्या बाईला काहीतरी ओरडल्या, आणि मग गोष्ट.

गोष्ट होती एका मूल नसलेल्या बाईची. ती चीज विकणाऱ्याकडचं पांढरंशुभ्र चीज बघते आणि देवाला म्हणते, मला अशी पांढरी मुलगी दे. मुलगी होते, मोठी होते, लग्न होऊन सासरी निघते, आणि वाटेत दासी तिची जागा बळकावते. खरी नवरी गुरं राखायला लागते आणि उडत्या पाखरांना गाण्यातून सांगते, माझ्या आईबापाला निरोप द्या. सीरिया, पॅलेस्टाईन, लेबनॉन त्या सगळ्या पट्ट्यात ही गोष्ट घरोघरी आहे. पोरीनं ती तुकड्यातुकड्यानं हिंदीत सांगितली, मी मराठीत आणली.

आत्याबाईंनी काडी खाली ठेवली. "पांढरीच पोरगी काऊन पायजे?"

पोरीला मी प्रश्न समजावून दिला. तिनं तो तेतांना पाठवला, मेर्सिनच्या त्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "तिला सांग, चीज पांढरंच असतं."

झालं. तिथून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. आत्याबाई एखादी कहाणी सांगणार, मी इंग्रजीत, पोरगी अरबीत, तेतांची हरकत परत. निम्मं वाटेत सांडत असणार. पण हरकती बरोबर पोचायच्या. सोमवारच्या कहाणीतली म्हातारी वाटीभर दूध घेऊन देवळात जाते आणि गाभारा भरतो, त्यावर तेतांचं म्हणणं आलं की एवढं दूध घरातल्या लेकरांना दिलं असतं तर देवळापर्यंत जायची वेळच आली नसती. आत्याबाईंनी "बुढी हुशार हाये" म्हणून मान्य केलं. कहाणीतही तेच आहे, ते या बाईला न सांगता कळलं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. एकदा एक अंगाई आली. आई बाळाला म्हणते, झोप, तुझ्यासाठी कबुतर कापते. आणि लगेच कबुतराला म्हणते, खरं मानू नकोस रे, पोरीला झोपवायला थापा मारतेय. आत्याबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

या सगळ्याला वारसा म्हणतात हे मला आधी सुचलंही नसतं. पोरगी मात्र म्हणाली, काकू, आमच्याकडे वारसा म्हटला की पुरुष येतो. मग मी थोडं वाचलं, आणि तिचं म्हणणं खरं निघालं. दमास्कसमध्ये उमय्यद मशिदीच्या मागे नौफरा नावाचं जुनं कॉफीगृह आहे. तिथे उंच खुर्चीवर बसून हकवाती गोष्ट सांगायचा. डोक्यावर लाल टोपी, हातात पोथी, अंतरा नावाच्या अरब वीराचं किंवा सुलतान बैबर्सचं आख्यान, आणि ऐन रंगात आलं की "उरलेलं उद्या". अबू शादी हे तिथले नावाजलेले हकवाती, 2014 मध्ये वारले, आणि त्यांच्याबद्दल परदेशी वर्तमानपत्रांनी लिहिलं. कॉफीगृहातलाच सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ 2018 मध्ये युनेस्कोच्या तातडीनं जपायच्या यादीत गेला. चांगलंच झालं. पण खुर्ची, टोपी, पोथी असली की यादी करणाऱ्याला काम सोपं जातं. कुसा कोरत सांगणाऱ्या बाईचा फोटो काय काढणार?

शेजारच्या पॅलेस्टिनी बायकांच्या गोष्टींना मात्र युनेस्कोनं 2005 मध्ये मान दिला. त्यातलं वर्णन मला आवडलं: हिवाळ्याच्या संध्याकाळी, घरात, बायका आणि मुलं, सांगणाऱ्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या, पुरुष सहसा बसत नाहीत. का बसत नाहीत ते एक गोष्ट कळल्यावर लक्षात आलं. मूल नसलेली एक बाई देवाकडे मूल मागते, पातेलं का असेना म्हणते, आणि खरंच तिला पातेलं होतं. ते पातेलं गडगडत बाहेर जातं, लोकांकडून मध, दागिने भरून आणतं. आमच्या टुणूक टुणूक भोपळ्याच्या वंशातलं. शेवटी त्यात जे भरून येतं ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईंना सांगितलं, त्यांनी लगेच त्याच चालीची आपली एक सांगितली. तीही लिहिण्यासारखी नाही.

पुरुषांचंही सगळं धड नोंदलं गेलं असं नाही, हे सांगायला हवं. अलादीनची गोष्ट जगाला ठाऊक आहे. ती 1709 मध्ये पॅरिसात आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला हन्ना दियाब या सीरियातल्या अलेप्पो शहराच्या तरुणानं तोंडी सांगितली, अलीबाबाचीही त्यानंच. गालाँनं आपल्या रोजनिशीत त्याचं नाव टिपून ठेवलं, छापील पुस्तकात मात्र नाही. अलेप्पोच्या पोराची ही गत, तर त्याच्या गल्लीतल्या बायांची काय सांगावी.

आता नाव न लिहिण्याचं कारण.

फेब्रुवारी 1982 मध्ये हाफिज असदच्या सैन्यानं हमाला वेढा घातला. मुस्लिम ब्रदरहुड या धर्मवादी संघटनेचा उठाव मोडायचा होता. 27 दिवस तोफा चालल्या. नदीकाठचा कैलानिया हा जुना मोहल्ला जमीनदोस्त झाला. किती माणसं मेली याचे अंदाज 10,000 पासून 40,000 पर्यंत जातात. आणि मग शांतता. पाठ्यपुस्तकात नाही, वर्तमानपत्रात नाही, कबरीवर नाही. लोक "त्या घटना" एवढंच म्हणायचे, तेही दार लावून. असदांची सत्ता बापाकडून 2000 मध्ये मुलाकडे, बशरकडे गेली, दार लावलेलंच राहिलं.

पोरगी सांगते, लहानपणी तेता एक गोष्ट सांगायच्या. नदीकाठच्या एका गावात गूल आला. गूल म्हणजे आपल्याकडचा राक्षस म्हणा, पण जास्त भुकेला. त्याला पाण्याच्या चाकांचा आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून तो चाकं थांबवायला आला आणि माणसं खायला लागला. सत्तावीस रात्री त्यानं खाल्लं. एका बाईनं तीन मुलगे गव्हाच्या कोठारात लपवले. मुलं विचारायची, मग ते बाहेर आले का? तेता म्हणायच्या, एक आला. मुलं दर वेळी विचारायची, बाकीचे दोन कुठे गेले? तेता म्हणायच्या, डाळ निवडा.

गोष्ट म्हणून ही काही फार घडीव नव्हती, पोरगीही तसंच म्हणाली. चीजच्या मुलीची गोष्ट जास्त आवडायची. ही मात्र तेता कधी बदलायच्या नाहीत. इतर गोष्टींत रोज नवं काही घुसडायच्या, हिच्यात शब्द शब्दाच्या जागी.

मेर्सिनला गेल्यावर एका संध्याकाळी तेतांनी तीच गोष्ट परत सांगितली. त्याच जागी थांबल्या, तोच आवाज काढला, फक्त गूलच्या जागी माणसांची नावं होती, आणि त्या तीन मुलग्यांनाही. ते तेतांचे दीर होते. कोठार त्यांच्या सासरचं. बाई म्हणजे त्यांची सासू. पोरगी म्हणाली, मला इतिहास शिकवून झालेला होता, फक्त कळायचा राहिला होता.

गच्चीवर हे सांगताना ती सरगुंडे गुंडाळत होती, लड एकदाही तुटली नाही. आत्याबाईंनी मला विचारलं, "काय सांगून राह्यली?" मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पोरीला म्हणाल्या, "एक आला ना. त्याचं लगन झालं का?" झालं होतं. सहा लेकरं. मग आत्याबाईंनी त्या सहाही लेकरांची नावं विचारून घेतली.

हा प्रश्न माझ्या कुठल्याच फॉर्मात नव्हता. लगन झालं का.

मी साक्षीपुराव्याच्या विरोधात नाही, गैरसमज नको. सीरियातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांनी जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयात सांगितलं म्हणूनच जानेवारी 2022 मध्ये सीरियन हेरखात्याच्या एका कर्नलला जन्मठेप झाली. तिथे तारीख, वेळ, खोली, हेच विचारायला हवं. समर यझबेक या सीरियन लेखिकेनं 2011च्या उठावातल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या एकोणीस जणींच्या साक्षी 2018 मध्ये पुस्तकात आल्या. तिथे बायका काय भोगलं तेवढंच सांगत नाहीत, आपण काय केलं ते सांगतात. फरक तिथेच पडतो. कुणाला नुसतं "तुझं काय गेलं" विचारत राहिलं, की काही वर्षांनी तिलाही वाटायला लागतं की आपल्यापाशी गेलेल्याचीच यादी आहे. पांढरकवड्याच्या बाईंना भुलाबाईसाठी बोलवायचं लोकांनी बंद केलं, ते काही दुष्टपणानं नाही. ती आता "ती" बाई झाली होती.

यात आपल्याकडे चांगलं झालेलं काम थोडं नाही, आणि नागपूरकर म्हणून मला एकाचा विशेष अभिमान आहे. 20 जुलै 1942 ला आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब आले होते, बायका वीस-पंचवीस हजार होत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला येतात? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी पुढे घरोघरी जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना भेटल्या, त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि 1989 मध्ये "आम्हीही इतिहास घडवला" आलं. नावच बघा. सोसला नव्हे, घडवला.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून त्या गोळा करायला घेतल्या, आकडा लाखाच्या वर गेला. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी सांगणारी बाई ओवी विसरली नाही, पण तिला जागा उरली नाही. आत्याबाई तर स्पष्ट सांगतात, बसल्याबसल्या ओवी येत नाही. खुंटा हातात पाहिजे. म्हणून माझं मत असं झालंय की रेकॉर्डिंग करताना खोली बंद करून, पंखा थांबवून, बाईला खुर्चीवर बसवून जे मिळतं ते अर्धंच असतं. कुकरची शिट्टी राहू द्यावी. मध्ये येणारी सून राहू द्यावी. विशेषतः "असं नाही, तुला चुकीचं आठवतंय" म्हणणारी बहीण तर हवीच. कॉलनीतली पोरं माझी ध्वनिफीत ऐकून म्हणतात, मावशी, आवाज साफ करून देतो, ॲप आहे. मी देत नाही.

सीरियातली जुनी दगडी देवळं पाडली तेव्हा जगाला कळलं. ऑगस्ट 2015 मध्ये पाल्मिराचं बेल मंदिर उडवलं, ते उपग्रहाच्या छायाचित्रात दिसलं, संयुक्त राष्ट्रांनी दुजोरा दिला. अलेप्पोच्या मशिदीचा मिनार एप्रिल 2013 मध्ये पडला, तोही दिसला. तेतांच्या गल्लीतल्या बायका रोज सकाळी एकमेकींच्या अंगणात कॉफीला जमायच्या. लग्नात चार ओळींचं कवन रचून शेवटी जिभेनं तो उंच "लिलिलि" काढायच्या. नवरीची स्तुती आणि सासूला टोमणा एकाच कवनात. ती गल्ली पाच देशांत गेली, ते कुठल्याही छायाचित्रात नाही.

8 डिसेंबर 2024 ला बशर असद पळून गेला. त्या रात्री आमच्या वरच्या खोलीतला दिवा विझला नाही. सकाळी पोरगी खाली आली, डोळे सुजलेले, आणि म्हणाली, काकू, आज कॉलेज नाही. आत्याबाईंनी शिरा करायला लावला. पुढच्या फेब्रुवारीत हमामध्ये 1982च्या मृतांसाठी लोक पहिल्यांदा उघडपणे जमले. तेतांनी त्या दिवशी पाठवलेला निरोप पोरीनं आम्हाला ऐकवला नाही. मी विचारलंही नाही. तिचे नातेवाईक अजून तिकडे आहेत, तिकडचं सगळं काही निवळलेलं नाही, आणि ज्या घरात चाळीस वर्षं दार लावून बोलायची सवय, तिथे मी माझ्या ब्लॉगसाठी नाव छापणं बरं दिसत नाही.

ती शिकून गेली, आता जर्मनीत काकांकडे आहे. जाण्याआधी दोन गोष्टी करून गेली. आमच्या नागपुरात एवढी संत्री आणि फुलांचं अत्तरपाणी कुणी काढत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. म्हणून आंबिया बहाराच्या वेळी काटोलकडच्या एका बागेतून पिशवीभर फुलं आणून तिनं माझ्या कुकरवर प्रयोग केला. कुकरला अजून वास आहे. दुसरी गोष्ट, तिनं पाच देशांतल्या बहिणींचा एक ग्रुप काढला. दर आठवड्याला एक प्रश्न, उत्तर आजीनं किंवा मावशीनं स्वतःच्या आवाजात द्यायचं, काम करता करता. माझ्या वहीवरून तिनं प्रश्नांची पद्धत घेतली. "युद्धाबद्दल सांगा" असा प्रश्न कुठेच नाही. येतं ते आपोआप येतं.

पहिला प्रश्न मकदूसचा होता. मकदूस म्हणजे छोटी वांगी उकडायची, मीठ लावून वजनाखाली दाबून पाणी काढायचं, मग आक्रोड, लाल मिरची, लसूण भरून ऑलिव्हच्या तेलात बुडवून ठेवायची. तेलात घालण्याआधी बरणी किती वेळ उलटी ठेवायची, एवढंच विचारलं होतं. तेतांनी एक रात्र सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीनं जॉर्डनहून सांगितलं की एका रात्रीत पाणी निघत नाही, आणि आपल्या आईच्या बरण्या बुरसायच्या त्या याच घाईमुळे. त्यावर तेतांनी पाठवलेल्या निरोपात आई, बरण्या, 1982चा तो हिवाळा, कोठार, बहिणीचं लग्न, लग्नात तिनं घातलेले उसने बूट, सगळं येऊन गेलं. निरोपाच्या शेवटी मकदूस परत येतो आणि त्या म्हणतात, एक रात्रच. पोरीनं विचारलं, काकू, बरोबर कुणाचं लिहू? आत्याबाई पलंगावरून ओरडल्या, "दोघींचंबी लिव्ह, अन् कोणाचं कोणतं ते नाव टाकून लिव्ह."